सीटखालचं इंजिन आणि एक कळशी पाणी

छोट्या मालवाहू व्हॅनला पुढे बोनेट नसतं. नवखा माणूस इंजिन शोधत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि मग लाजत विचारतो, काकी, इंजिन कुठाय? पुढची सीट उचलायची. खाली लोखंडी झाकण असतं, ते काढलं की इंजिन. म्हणजे तुम्ही इंजिनावरच बसलेले असता. उन्हाळ्यात बूड भाजतं, पावसाळ्यात ऊब मिळते. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे आमचं गॅरेज. मी चालवायची, आता भाचा चालवतो आणि मी स्टुलावर बसून त्याच्या चुका काढते. माझी शाळा सातवीपर्यंत. गाड्यांचं जे काही शिकले ते आमच्या ह्यांच्याकडून. ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा हे सांगायचे आणि मी आवळायची. पुढे पुढे हे सांगायच्या आधीच माझा पाना बोल्टाला लागलेला असायचा. गिऱ्हाईक यायचं ते ह्यांच्याकडे बघून बोलायचं. हे म्हणायचे, "डॉक्टरीणबाई त्या. मी कंपाउंडर."

ह्या अंकाच्या संपादक ताईंनी सांगितलं की जुनी व्हॅन घेणाऱ्याला उपयोग होईल असं लिहा, काय बिघडतं, काय खर्च येतो. तर ते आधी सांगून टाकते.

पहिलं क्लच. आपल्याकडे सिग्नलला अर्धा क्लच दाबून उभं राहायची खोड, त्यात पाठीवर माल. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरत नाही, असं झालं की प्लेट संपली समजा. प्लेट, प्रेशर, बेअरिंग आणि मजुरी धरून सहा-सात हजार. दुसरं मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. रिकामी गाडीसुद्धा मागून बसलेली दिसली तर तिने कुवतीबाहेर ओझं वाहिलंय. गाडी जागेवरून निघताना खालून टक्कन आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला, तो हजार-पंधराशेत होतो, पण आज-उद्या केलात तर शाफ्टच रस्त्यावर उतरतो. सरकता दरवाजा अडकतो, त्याचा रोलर स्वस्त, त्यासाठी गाडी नाकारू नका. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर जातात, ते वेळेवर बदला. आणि ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूने बघा. तिथे दुधावरच्या सायीसारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. हेड खोलायचं काम, दहा-बारा हजारांच्या खाली नाही. मालक कितीही गोड बोलला तरी नमस्कार करून निघा.

आणि शेवटचं, पत्रा. ह्याच्याकडे कोणी बघत नाही. भायखळ्याची एक मुलगी डब्यांच्या धंद्यासाठी व्हॅन घेऊन दाखवायला आली होती. चकाचक पांढरी गाडी. मी मागचं रबर उचललं आणि पेचकस टेकवला, तर तो आरपार गेला. भोकातून खालचा रस्ता दिसला. गाडी आधी मासळीवाल्याकडे होती. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं झिरपून खालचा पत्रा पापडासारखा झालेला.

ती म्हणाली, "काकी, पण रंग तर नवीन आहे."

म्हटलं, "रंगच तेवढा नवीन आहे."

बिचारी फूटपाथवर बसून रडली. पत्रा कापून नवा जोडून दिला, पंधरा हजारांचं काम झालं. अजून त्याच गाडीतून डबे पोचवते. तिला तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. गाडीला माल मारत नाही, पाणी मारतं. आणि पाणी कुठून येतं ते गाडी सांगत नाही, माणसं सांगतात. हे मला ज्या गाडीने शिकवलं तिची गोष्ट आता सांगते. सणाच्या अंकात असला विषय कशाला, असं कुणाला वाटलं तर माफ करा. त्या गाडीलाही सणवार नव्हता.

लालबागला एका जुन्या चाळीच्या मंडळाने वर्गणी काढून एक जुनी व्हॅन घेतली होती. आतल्या सीटा काढून स्ट्रेचरला रूळ बसवले, बाहेर नाव लिहिलं, शववाहिका म्हणून कागदपत्रं करून घेतली. ह्याच्यामागे शांताराम. आयुष्यभर कंपनीचा टेम्पो चालवून निवृत्त झालेला, बोलायला कमी. त्याचे वडील गेले तेव्हा ठरवलेली गाडी आलीच नाही. वैशाखातली दुपार, वडील चाळीच्या वाटेत चटईवर, आणि माणसं दर थोड्या वेळाने नाक्यापर्यंत जाऊन बघून येताहेत. शांताराम स्वतः ड्रायव्हर, आणि बापासाठी गाडी मिळेना. त्यानंतर तो हात धुऊन मंडळाच्या मागे लागला. गाडी आली तेव्हा म्हणाला, चालवणार मी, पैसे घेणार नाही, आणि आपल्या दोन्ही चाळींत कुणालाही नाही म्हणणार नाही. दोन्ही म्हणजे पुढची शांतारामची, कोकणातल्या लोकांची आणि मागची बौद्ध मंडळींची. चौक एक, नळ एक, गणपती आणि जयंती एकाच मांडवाच्या बांबूंवर.

शांतारामची आई, भागीरथीमावशी, तळमजल्याच्या दारात बसलेली असायची. पुढच्या चाळीतलं सगळ्यांत जुनं माणूस. गाडी पहिल्यांदा चौकात आली तेव्हा तिने उठून पत्र्यावरून हात फिरवला आणि लेकाला म्हणाली, "माका हेच गाडयेतसून न्हेय हां. भाड्याच्या गाडयेत घालू नको." कुणी हसलं नाही. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

गाडी आमच्याकडे यायची. दुसरीकडे शववाहिका म्हटलं की लोक गॅरेजचं शटर अर्धं ओढतात. आमचे हे म्हणायचे, शेवटी सगळ्यांनी बसायचंय त्यात, निदान ती नीट चालणारी असू दे.

पण ती नीट चालेना. कधी चालू व्हायलाच नको म्हणायची, कधी चालता चालता झटके द्यायची. ओढून आमच्याकडे आणली की किल्ली फिरवताच सुरू. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, गॅसचा फिल्टर, पंप, एकामागून एक. महिना बरा जायचा आणि परत तेच. चाळीत शांतारामची चेष्टा सुरू झाली. मंडळाचे अध्यक्ष सावंत चौकात सगळ्यांसमोर म्हणायचे, "काय शांताराम, चालवतोस की ढकलतोस?" शांताराम हसायचा. हसण्याशिवाय काय करणार?

मग तो करी रोडच्या पुलावरचा दिवस आला. पुढच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना नेत होते. आदल्याच दिवशी गाडी एकाला पोचवून आली होती, त्यामुळे सगळे निर्धास्त. चढावर गाडीने दोन हिसके दिले आणि बसली. मागे हॉर्न, घरच्या बायका रिक्षातून उतरलेल्या, ऊन मी म्हणतंय. शेवटी तिरडी उतरवून खांद्यावर घेतली आणि माणसं चालत निघाली. शांताराम एकटा पुलावर गाडीपाशी उभा राहिला. मी टोइंगवाल्याबरोबर पोचले तेव्हा तो स्टिअरिंग धरूनच बसला होता. किल्ली फिरवत नव्हता, नुसता धरून.

मला म्हणाला, "वहिनी, मी ह्यांना खांद्यावर पाठवलं."

मी टोइंगवाल्याला दोर बांधायची खूण केली.

त्या आठवड्यात मंडळाची बैठक ठरली. गाडी विकून टाकायची. आणि बैठकीच्या आधीच एक कुजबुज चाळीत फिरली. ती माझ्या कानावर आली तेव्हा मला गाडीपेक्षा माणसांची भीती वाटली. लोक म्हणत होते, आधी गाडी बरी होती, सगळ्यांनाच न्यायला लागली तेव्हापासून रुसली. 'सगळ्यांनाच' म्हणजे कुणाला, ते कुणी उघड बोलत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. गाडी गेली असती तर दुसरी आली असती कदाचित, पण मग ती एकाच चाळीची आली असती. शांतारामला हे कळत होतं. शिवाय आईला दिलेला शब्द होता, आणि मावशी त्या वर्षी अंथरुणाला टेकायला लागली होती.

मी सावंतांना फोन करून म्हटलं, बैठक महिनाभर पुढे ढकला, गाडी माझ्याकडे ठेवा. ते म्हणाले, वहिनी, तुमच्यासाठी ढकलतो, पण परत एकदा रस्त्यात बसली तर मी कुणाचं ऐकणार नाही.

गाडी आणली. सीट उचलली, झाकण काढलं. ह्या वेळी घाईने प्लगला हात लावला नाही, आधी टॉर्च मारून नुसतं बघत बसले. प्लग जिथे बसतो तिथे खोल खळगा असतो. तिसऱ्या खळग्यात काहीतरी काळपट चिकटलेलं होतं. चिमट्याने काढलं. तुळशीचं पान. त्याच्या खाली भिजून वाळलेली लाही. वायरच्या जोडाला हिरवट गंज चढलेला.

सीटखाली, बंद झाकणाच्या आत, प्लगच्या खळग्यात तुळशीचं पान चालत तर गेलं नाही.

त्या दिवशी गाडीबरोबर मिलिंद आला होता. मागच्या चाळीतला, मंडळात काम करायचा, बँकेत नोकरीला. मी त्याला विचारलं, गाडी परत आल्यावर तुम्ही तिचं काय करता?

"काय करणार काकी, धुतात. अख्खी. आतून पण. खांदा देऊन आले की प्रत्येक जण एक बादली मारतो."

"सगळे?"

"पुढच्या चाळीतले सगळे. आमच्यात तसं नाही. आमचं कोण गेलं तर आम्ही ओल्या फडक्याने पुसून लावतो गाडी."

"आणि तुमचं कुणी गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी कधी बंद पडलीय?"

तो विचार करायला लागला. मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "नाही पडली. एकदाही नाही." मग म्हणाला, "काकी, हे चाळीत तुम्ही सांगा. मी सांगितलं तर वेगळं होईल."

पोरगं शहाणं होतं.

जोड साफ करून गाडी परत दिली आणि पुढच्या वेळी ती गेली तेव्हा मी चाळीत जाऊन बसले. चौकाला गटाराकडे उतार आहे आणि गाडी नेहमी नाक उताराकडे करून लावायची पद्धत. माणसं परत आली. मावशीला दोघांनी धरून दारात आणून बसवलं, कारण पहिलं पाणी तिच्या हातचं. पितळेची कळशी होती तिची. तिने ती शांतारामकडे दिली, त्याने गाडीत ओतली आणि मग एकेक जण बादली घेऊन आला. पाणी मागून पुढे धावत होतं, फुलं, तुळस, लाह्या घेऊन. मी शांतारामला पुढे बोलावलं आणि सीट उचलून दाखवली. झाकणाचं रबर कधीच चपटं झालेलं. कडेने थेंब थेंब पाणी थेट प्लगवर उतरत होतं. रात्रभर ते मुरायचं. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली की दगा द्यायची, आणि ओढून माझ्याकडे येईपर्यंत उन्हाने वाळून शहाणी व्हायची.

शांतारामने ओल्या प्लगवरून बोट फिरवलं. म्हणाला, "म्हणजे आम्हीच."

सावंतांनाही बोलावून दाखवलं. त्यांनी हातातली भरलेली बादली खाली ठेवली. सगळे मावशीकडे बघायला लागले. तिच्या शब्दाशिवाय ते पाणी थांबणार नव्हतं, आणि तिला सांगायचं कुणी, तर माझ्याकडे बोट.

मी तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. सगळं समजावलं. इंजिन कुठे असतं, पाणी कसं उतरतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गो बाय, मडा न्हेता ती गाडी. पाणी नाय घातला तर इटाळ कसो जातलो?"

मी म्हटलं, मावशी, पुलावर गाडी बसली, त्या माणसाला मधेच उतरवावं लागलं. ते बरं झालं का?

त्या गृहस्थांना तिने त्यांच्या लहानपणापासून बघितलेलं. पदर तोंडाला लावून बसली. मी पण बसून राहिले. चौकात कुणीतरी नळ बंद केला.

मग तिने विचारलं, "फडक्यान पुसून जाता?"

म्हटलं, स्वच्छ तर होतंच. बाकीचं तुम्ही सांगाल तसं. फडकं तुमच्या कळशीतल्या पाण्यात भिजवू.

तिने मान हलवली. मला वाटलं झालं काम. उठायला लागले तर तिने माझा हात धरला.

"तोपर्यंत तुजा फडका. पण माका न्हेशात तेवा एक कळशी घाला. एकच. मी मागसून बघूक येवचंय नाय."

मी हो म्हटलं. एका म्हातारीच्या समाधानासाठी हो म्हणून विसरून जाता आलं असतं, ती खरंच बघायला येणार नव्हती. पण हात धरून दिलेला शब्द मेकॅनिकला जड असतो. आम्ही बोल्ट अर्धा आवळून सोडत नाही.

तेव्हापासून गाडी रस्त्यात बसली नाही. बैठक झालीच नाही. कुजबुजही हळूहळू विरली, अगदी नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. ज्यांनी ती केली होती त्यातल्या कुणी पुढे येऊन चुकलो म्हटलं नाही. चाळीत तसं कुणी म्हणत नाही, फक्त चहाला जरा जास्त आग्रह करतात. मिलिंदला त्या वर्षी फार चहा मिळाला.

इकडे मी एका कळशीसाठी गाडी तयार करायला घेतली. गॅरेजमध्ये कुणाला सांगितलं नाही, भाचा हसला असता. मागच्या पत्र्याला खाली पाणी जायची भोकं असतात, ती डांबराने बुजलेली होती, मोकळी केली. झाकणाला नवं जाड रबर बसवलं, तेही एखाद-दुसऱ्या वेळेपुरतं, रोजच्या बादल्यांना ते पुरलं नसतं. प्लगच्या जोडांवर ग्रीस भरलं. आणि मिलिंदला गाडी चालवायला शिकवून ठेव, असं शांतारामला सांगितलं. त्याने विचारलं नाही का ते. त्याला माहीत होतं. आई गेली की त्याच्या हातात विस्तवाचं मडकं असणार, स्टिअरिंग नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलेला माणूस आपल्या आईला पोचवताना गाडी चालवू शकणार नव्हता.

आमचे हे त्याच हिवाळ्यात गेले. त्याच गाडीतून. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की शांताराम चालवत होता, आणि मी खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकत होते. चारही प्लग एका सुरात होते. ह्यांनी ऐकला असता तर म्हणाले असते, डॉक्टरीणबाई, पेशंट बरा दिसतोय.

मावशी फाल्गुनात गेली, सकाळच्या वेळी, दारातल्या तिच्या जागीच. मी पोचले तेव्हा सगळं बांधून तयार होतं. शांताराम सोवळं नेसून मडकं हातात घेऊन उभा. मिलिंद बाजूला, मागच्या चाळीतल्या पोरांबरोबर. त्याला गाडी येते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पुढे हो असं कुणी म्हणेना. शांताराम बोलणार, तेवढ्यात सावंतच पुढे आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"मिलिंद, चल बाबा. मावशीला सावकाश ने."

मिलिंदने किल्ली घेतली आणि चपला काढून गाडीत बसला.

पुलाचा चढ आला तेव्हा मी मागच्या टॅक्सीत होते. गाडीने गिअर बदलला आणि चढून गेली. टॅक्सीवाल्याला काय माहीत, मी इतका मोठा सुस्कारा का टाकला.

परत आल्यावर मी मिलिंदला सांगितलं, आज नाक चढाकडे करून लाव. सीट काढून ठेवली, झाकणावर प्लॅस्टिक अंथरून कडा दाबल्या. शांतारामने आईची कळशी नळाखाली भरली. गाडीच्या मागच्या दाराशी आला आणि हळू ओतली, एखाद्याच्या डोक्यावरून आंघोळीचं पाणी घालावं तशी. पाणी मागेच राहिलं, भोकांतून खाली उतरलं, आणि चार पाकळ्या घेऊन गटाराकडे गेलं. दुसरी बादली कुणी उचलली नाही.

पण पाण्याचा हिशेब त्याच दिवशी होत नाही हे मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. दोन्ही चाळींच्या गॅलरीत माणसं दात घासत, दूध घेत उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे गाडीवर. शांताराम सुतकात, गाडीला शिवायचा नव्हता. तो आईच्या जागी उंबऱ्यावर बसला होता, रिकामी कळशी मांडीशी.

मी मिलिंदला मान हलवून खूण केली. त्याने किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या दमात सुरू झाली.

शांतारामने डोळे मिटून घेतले आणि तो ऐकत राहिला. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, बंद करू का असं. मी हाताने थांब म्हटलं. थोडा वेळ ती तशीच चालू राहू दिली.